कासवाचा फ्रीज

इंग्लंडमध्ये नोव्हेंबर लागला की काही घरांत जादाचा म्हणून घेतलेला छोटा फ्रीज रिकामा होतो. बाटल्या बाहेर येतात, कप्पे पुसले जातात, आत थर्मामीटर लागतो आणि मग एका खोक्यात घालून घरचं कासव आत जातं. जिवंत. शिजवायला नाही, झोपायला! माणसं बाहेर हीटरसमोर हात शेकत बसतात आणि कासवाला गारठ्यात ठेवण्यासाठी विजेचं वेगळं बिल भरतात. आपल्याकडे हिवाळ्यात जिवाची काळजी घ्यायची म्हणजे कानटोपी, स्वेटर आणि सुंठ. कासवाच्या बाबतीत ही सगळी माया घातक ठरते. त्याला हवी असते थंडी, आणि तीही मोजूनमापून.

तिथली बरीच पाळीव कासवं भूमध्य समुद्राच्या काठची, हर्मन किंवा ग्रीक जातीची. त्यांच्या मायदेशी हिवाळा एकदा येतो आणि एकदा जातो. कासवाच्या अंगात स्वतःची भट्टी नसते. बाहेर जितकी ऊब, तितकीच आत. गारवा वाढला की ते माती उकरून खाली जातं, हृदय मिनिटाला मोजक्याच ठोक्यांवर येतं आणि वसंतापर्यंत सगळं कामकाज तहकूब. इंग्लंडच्या हिवाळ्याला मात्र ही शिस्त नाही. जानेवारीत मध्येच चार दिवस ऊन पडतं, कासव वसंत आला म्हणून डोळे उघडतं, साठवलेली शक्ती खर्च करतं आणि पाचव्या दिवशी पुन्हा हिम. खायला पान नाही, पचवायला ऊब नाही. असं दोनतीनदा झालं की ते खंगतं.

हा घोळ नीट लिहून ठेवला तो गिल्बर्ट व्हाइट या पाद्रीबाबांनी. ससेक्समधल्या रिंगमर गावी त्यांच्या आत्याबाईंकडे टिमोथी नावाचं कासव होतं. १७७१ च्या १ नोव्हेंबरला ते हिवाळ्याचं बीळ खणायला लागलेलं व्हाइट यांनी पाहिलं. त्याचे पाय घड्याळाच्या तासकाट्याहून फार वेगानं हलत नव्हते. त्यात दुपारी ऊन पडलं की काम सोडून ते बाहेर येई. व्हाइट १३ तारखेपर्यंत थांबले, बीळ अपुरंच. पुण्यातल्या रस्त्यांची कामं पाहिलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही.

१७८० मध्ये आत्याबाई गेल्या आणि वारसाहक्कानं कासव भाच्याकडे आलं. मार्च महिन्यात, भर झोपेतून उकरून काढल्यावर त्यानं फुत्कारून निषेध नोंदवला. मग घोडागाडीतून ८० मैलांचा प्रवास करून ते हॅम्पशरमधल्या सेलबर्नला पोहोचलं. गचक्यांनी झोप उडाली होती, त्यामुळे बागेत सोडल्यावर ते दोनदा टोकापर्यंत फिरून आलं. संध्याकाळी गार पडताच मातीत शिरून मोकळं झालं. व्हाइट यांनी नंतर भोंग्यातून त्याच्याशी जोरजोरात बोलून पाहिलं. टिमोथीनं लक्ष दिलं नाही. भरलेली गाडी अंगावरून गेली तरी टिकेल असं कवच असूनही पावसाचे चार थेंब पडले की त्याची आडोशासाठी तारांबळ उडे, हेही व्हाइट यांनी टिपून ठेवलं. त्यांचं सेलबर्नच्या निसर्गावरचं पुस्तक १७८९ मध्ये आलं आणि त्यामुळे हे कासव इंग्रजी साहित्यात कायमचं राहायला गेलं.

टिमोथी व्हाइट यांच्या पश्चात वर्षभरानं मेलं. त्याचं कवच आजही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. ते तपासल्यावर कळलं, की टिमोथी हा टिमोथी नव्हताच. ती मादी होती.

इंग्रजांनी यातून काही धडा घेतला असं दिसत नाही. १८५४ मध्ये एका पोर्तुगीज जहाजावर सापडलेलं कासव ब्रिटिश नौदलात दाखल झालं, क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोलवरच्या तोफमाऱ्याला हजर राहिलं आणि निवृत्तीनंतर डेव्हनमधल्या पावडरहॅमच्या किल्ल्यात राहायला गेलं. त्याचंही नाव टिमोथी. १९२६ मध्ये त्याला जोडीदारीण शोधायचं ठरलं, तेव्हा उलगडा झाला की जोडीदार शोधायला हवा होता. २००४ मध्ये वारली तेव्हा तिचं वय १६० च्या आसपास मानलं जात होतं. बीबीसीच्या 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमातला फ्रेड तर लाखो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत फ्रीडा झाला.

याच कार्यक्रमानं ब्रिटिश मुलांच्या पिढ्यांना कासव झोपवायला शिकवलं. खोक्याला भोकं पाडायची, मऊ भराव घालायचा, कासव ठेवायचं आणि खोकं अडगळीत. तेव्हा मोरोक्को, तुर्कस्तान, युगोस्लाव्हियातून कासवं लाखोंनी येत आणि स्वस्तात विकली जात. कासव पळून जाऊ नये म्हणून कवचाच्या कडेला भोक पाडून दोरी बांधणारेही होते. अडगळीतल्या खोक्यात कधी हिम शिरे, कधी उंदीर. झोपलेल्या कासवाचे पाय उंदीर खरोखरच कुरतडतात. पहिलाच हिवाळा अनेकांचा शेवटचा ठरला. अखेर १९८४ मध्ये भूमध्यसागरी कासवांच्या व्यापारी आयातीवर बंदी आली. जी होती ती जगवणं भाग पडलं, आणि यथावकाश फ्रीजनं खोक्याची जागा घेतली.

फ्रीजमध्ये ठेवायचं म्हणजे नुसतं दार लावायचं नाही. आधी प्राण्यांच्या डॉक्टरकडून तपासणी; आजारी किंवा हडकुळ्या कासवाला झोपेची परवानगी नाही. मग तीनचार आठवडे उपास, कारण थंडीत पचन थांबतं आणि पोटातलं अन्न सडतं. या काळात कोमट पाण्यात बसवायचं, म्हणजे ते भरपूर पाणी पिऊन घेतं. फ्रीज आधी रिकामा चालवून त्याची चाल पाहायची आणि तापमान ५ अंशांच्या आसपास टिकवायचं. १० च्या वर गेलं तर कासव जागं होतं. शून्याखाली गेलं तर डोळे जातात, कधी जीवही. कप्प्यांत पाण्याच्या बाटल्या ठेवल्या की पारा फारसा डगमगत नाही. रोज दार उघडून हवा बदलायची. आठवड्याला वजन करायचं. एकूण घट दहा टक्क्यांकडे सरकली तर झोप रद्द. कासवानं लघवी केली तरी झोप रद्द, कारण मूत्राशयातलं पाणी हीच त्याची हिवाळ्याची शिदोरी.

आता कल्पना करा, सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून लेकाकडे आलेल्या सासूबाई दह्याचं भांडं ठेवायला तो फ्रीज उघडतात.

"अगं, हे काय ठेवलंयस?"

"झोपलंय ते, आई. दार लावा आधी, सहावर गेलं बघा!"

त्या रात्री लेकाला फोनवर साऱ्या नातेवाइकांना समजावून सांगावं लागेल, की सूनबाई ठीक आहे.

मार्चच्या सुमारास कासव बाहेर येतं. आधी खोलीत, मग दिव्याच्या उबेत, मग कोमट पाण्यात. बहुतेक कासवं आधी घटाघटा पाणी पितात आणि आठवडाभरात पानाला तोंड लावतात. नाही लावलं तर डॉक्टर गाठायचा, वाट बघायची नाही.

फ्रीजचा हा थाट सगळ्या कासवांना लागू नाही. सहाराच्या दक्षिण सीमेवरचं सुलकाटा कासव हिवाळी झोप घेतच नाही. दुकानात ते तळहातावर मावतं आणि मोठेपणी नर ४०-५० किलोंचा होतो. त्याला इंग्लंडमध्ये बारा महिने तापवलेली खोली, ३० अंशांच्या पुढची उन्हासारखी जागा आणि हाडांसाठी अतिनील किरणांचा दिवा लागतो. हौस हिवाळ्यात केवढ्याला पडते, हे विजेचं बिल पाहून कळतं.

आपल्याकडचं तारांकित कासवही याच न झोपणाऱ्यांपैकी. गुजरात, राजस्थान, आंध्र, तमिळनाडूच्या माळरानांवरून ते पकडून, लक्ष्मी येते असं सांगून चोरून विकलं जातं. २०१९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय व्यापारातलं सर्वोच्च संरक्षण मिळालं. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तर ते घरात ठेवणं गुन्हाच आहे. हे वाचून कोणाला आपल्या ओळखीतलं एखादं आठवत असेल, तर ते वनविभागाकडे सोपवायला सांगा. आणि तोवर कृपा करून फ्रीजमध्ये ठेवू नका.