अकरा ग्रॅमचा पाठलाग

आमच्या राहनाळमध्ये कुठलीही वस्तू हरवत नाही. ती फक्त एका गोदामातून दुसऱ्या गोदामात जाते. आजोबांच्या काळी जिथे भाताची खाचरं होती तिथे आता पत्र्याच्या शेड आहेत, आणि मुंबई-ठाण्यात घरपोच जाणारा फ्रिज, चपला, बाळाचे लंगोट हे सगळं आधी आमच्या शिवारात मुक्काम करून पुढे जातं. हजारो खोक्यांतून नेमकं हवं ते खोकं काढून देणारी माणसं माझ्या आळीत राहतात. मी स्वतः एका गोदामात आवक-जावकचं रजिस्टर सांभाळतो. आणि तरीही गेल्या मे महिन्यात, भर हळदीच्या दिवशी, पाव किलोची एक वस्तू शोधत मी स्कूटरवरून पार पडघ्यापर्यंत गेलो. सोबत धाकटा भाचा होता, म्हणून साक्षीदार आहे. नसता तर बरं झालं असतं.

आम्हा आगरी लोकांत लग्न एकवेळ साधं चालतं, हळद साधी चालत नाही. मांडव, बेंजो, धवले गाणारी धवलारीण, रात्रीचं जेवण, आणि अलीकडे या सगळ्याच्या डोक्यावर भिरभिरणारा ड्रोन. मोठ्या भाच्याची हळद ठरली तेव्हा फोटोग्राफरने ड्रोनचा वेगळा आकडा सांगितला. तो ऐकून माझ्यातला मामा जागा झाला. ‘ड्रोनचं मी बघतो,’ असं मी चार माणसांत बोलून बसलो आणि दुसऱ्या एका लग्नवाल्या पोराकडून त्याचा जुना ड्रोन विकत घेतला. वाचवलेल्या पैशांच्या अडीचपट पैसे मोजून.

ड्रोन छोटा होता. वजन २४९ ग्रॅम. हा आकडा कंपनीला योगायोगाने सुचलेला नाही. आपल्याकडच्या २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’. त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. २५० च्या वर गेला की तो ‘मायक्रो’, आणि मायक्रो उडवून कुणाकडून पैसे घेतलेत की तुम्ही रीतसर पायलट असायला हवं. शिवाय ड्रोनच्या त्या मॉडेलला सरकारी प्रमाणपत्र हवं ते वेगळंच. म्हणजे एका ग्रॅमच्या काठावर हे यंत्र उभं असतं, गच्चीच्या कठड्यावर मांजर बसावं तसं.

सरावाच्या पहिल्या महिन्यात तो दोनदा गेला. एकदा शेजारच्या आंब्यात, एकदा गोदामाच्या पत्र्यावर. पत्र्यावरून काढायला वॉचमनला चहा, त्याच्या सुपरवायझरला थंडा आणि शिडीवाल्याला रोख, असा खर्च आला. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यामुळे हा हरवला तर दुसरा मिळवण्याची खटपट मोठी. मी धास्तावलो. धाकटा भाचा म्हणाला, ‘मामा, याला टॅग लाव.’

टॅग म्हणजे रुपयाच्या जुन्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, गुळगुळीत चकती. किल्ल्यांना, बॅगेला लावतात ती. दोनचं पाकीट स्वस्त पडत होतं म्हणून पाकीटच घेतलं. एक ड्रोनला, एक बायकोने उचलला. आई चकती निरखून म्हणाली, ‘पाखराला ताईत बांदतंस काय?’ मी तिला तंत्रज्ञान समजावून सांगितलं. आता वाटतं, तिची व्याख्या जास्त अचूक होती.

कारण या टॅगमध्ये जीपीएस नसतं. जत्रेत चुकलेल्या पोराला आपण कुठे आहोत ते कळत नाही, ते फक्त आपलं नाव घेत राहतं, तसा हा ब्लूटूथवरून सारखा पुटपुटत असतो. जवळून जाणाऱ्या एखाद्या अनोळखी फोनच्या कानावर ते पडलं तर तो फोन आपल्या मालकालाही न सांगता ‘तुमचं पोर इथे दिसलं’ असा निरोप वर पाठवतो. माळरानावर फोनच नसतील तर टॅग बिचारा बटनसेल संपेपर्यंत दगडधोंड्यांना नाव सांगत बसेल. खरा जीपीएसवाला, सिमकार्डवाला ट्रॅकरही मिळतो, पण तो टॅगच्या दुप्पट-तिप्पट जड. भाच्याने तिसरा उपाय सुचवला होता. ड्रोनवाले वापरतात तो पाच-सहा ग्रॅमचा भोंगा, ड्रोन पडला की किंचाळत राहतो. मी म्हटलं, हळदीत बेंजोपुढे भोंगा ऐकणार कोण? माझा त्या दिवसांतला हा शेवटचा बरोबर निष्कर्ष.

टॅगचं वजन अकरा ग्रॅम. २४९ अधिक ११ ही बेरीज मला येते, पण माझा तिच्यावर विश्वास बसेना. म्हणून मी ड्रोन घेऊन ओळखीच्या सराफाकडे गेलो. त्यांनी काटा शून्यावर आणला, मखमली तबकात ड्रोन ठेवला आणि सवयीने विचारलं, ‘खडे धरून का खडे वगळून?’ ड्रोन भरला २४८.६०. टॅग, त्याचं रबरी कव्हर आणि दोन्हीकडून चिकटणारी टेप मिळून १६.१०. एकूण २६४.७०. मी कव्हर काढलं. टेप कातरली. सराफ चष्मा कपाळावर चढवून मन लावून बघत होते. आता २६०.४०. ड्रोनची बॅटरी काढली तर सहज १७० च्या खाली येईल, असं त्यांनी सुचवलं. दुकानात बसलेल्या एका बाईंनी नव्या फॅशनचं पेंडंट समजून किंमतही विचारली.

‘म्हणजे आता हा नॅनो राहिला नाही,’ भाचा म्हणाला.

‘घरची हळद आहे. मी कुठे पैसे घेतोय?’

‘बाबा तुला पाकीट देणार आहेत.’

मेहुण्यांनी पाकीट दिलं तर मी प्रमाणपत्र नसलेला व्यावसायिक वैमानिक, न दिलं तर मेहुण्यांवर कायमचा राग. सराफकट्ट्यावर मी बराच वेळ उभा होतो.

उडणाऱ्यावर किती वजन लादावं, हे शेजारीच शिकता आलं असतं. ठाणे खाडी आमच्यापासून लांब नाही. तिथल्या सहा फ्लेमिंगोंना २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या लोकांनी ट्रॅकर बसवले होते. एकाचं नाव हुमायून, एकाचं सलीम. पक्ष्यांच्या अभ्यासकांत साधारण असा दंडक आहे की पक्ष्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांहून जास्त ओझं त्याच्यावर लादू नये. या हिशेबाने माझ्या ड्रोनला साडेसात ग्रॅम सोसले असते. मी पावणेबारा लादले. हुमायून आणि सलीम गुजरातपर्यंत जाऊन आले, कारण त्यांची काळजी घेणारी माणसं शिकलेली होती.

हळदीच्या दिवशी दुपारी चारला चाचणी ठरवली. गच्चीवर एका बाजूला पापड, दुसऱ्या बाजूला पावसाळ्याच्या बेगमीचे सुके बोंबील पसरलेले. मधल्या मोकळ्या जागेत ड्रोन ठेवून चालू केला तर फोनवर लाल पट्टी, होकायंत्र जुळवा म्हणून. ते जुळवायचं म्हणजे ड्रोन हातात आडवा धरून स्वतःभोवती फिरायचं, मग उभा धरून पुन्हा फिरायचं. मी दोन्ही हातांत ड्रोन धरून संथपणे गोल फिरू लागलो. बोंबील राखायला बसलेल्या दोन आत्या उठून उभ्या राहिल्या. आईने खाली जाऊन मीठ-मोहरी आणली. तिचा समज, मी पाखराची दृष्ट काढतोय आणि सामान विसरलोय.

पट्टी जाईना. भाच्याला तेव्हा आठवलं, ‘मामा, टॅगच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. होकायंत्राजवळ नको लावू.’ मी टॅग ओरबाडून काढला आणि इंचभर बाजूला पुन्हा दाबून बसवला. थोड्याच वेळापूर्वी करवल्यांनी मला कोपरापर्यंत हळद फासली होती, आणि हळदीत तेल असतं. ही दोन वाक्यं मी त्या वेळी एकमेकांना जोडली नाहीत.

ड्रोन उडाला. उन्हात फोनचा पडदा दिसेना म्हणून मी रिमोट घेऊन खाली मांडवाच्या सावलीत आलो. आता पडदा दिसत होता, आभाळ दिसत नव्हतं. वरून मांडव फारच सुंदर दिसला. मग तो पडद्यावर गरगरू लागला. म्हणजे ड्रोन गरगरत होता, घाण्याच्या बैलासारखा, आणि प्रत्येक फेरीत थोडा थोडा रस्त्याकडे सरकत होता. इंचभर अंतर लोहचुंबकाला पुरलं नव्हतं. मी रिमोटवरची सापडतील ती सगळी बटणं दाबली. पडद्यावर मेट्रोचे खांब, गोदामाचं आवार, अंजूरफाट्याकडे तोंड करून उभी ट्रकांची रांग. मग उन्हाने तापलेल्या फोनने ॲपच बंद केलं.

ऑफिसात संगणक अडला की आम्ही तो बंद करून पुन्हा चालू करतो. मी रिमोट बंद केला.

बेंजोवाले आवाज लावून बघत होते. मांडवाबाहेर पळत येऊन आम्ही वर बघितलं. निरभ्र आकाश, एक घार, ड्रोन नाही. फोन बर्फाच्या पेटीवर धरून थंड केला आणि टॅगचा नकाशा उघडला. निळा ठिपका रस्त्यावर होता, आणि चालत होता.

‘ट्रकवर पडला!’ भाचा ओरडला.

आम्ही स्कूटरवर. मी चालवतोय, मागे भाचा माझा फोन धरून दिशा सांगतोय. अंजूरफाटा, मग माणकोलीकडे. निरोप मात्र शिळे येत. ‘नऊ मिनिटांपूर्वी.’ ‘चौदा मिनिटांपूर्वी.’ टॅगशेजारून योग्य तो फोन गेला तरच बातमी, नाहीतर आम्ही आंधळे. त्यात आईचे फोन सुरू झाले. फोन वाजला की नकाशा झाकला जायचा.

‘मामा, आजी.’

‘काप!’

असे सात कापले. आईला काय, शेवंत्या कमी पडल्या असतील.

राजनोली नाक्याच्या कोंडीने पहिल्यांदाच माझ्यावर उपकार केले. ट्रकही त्यातच अडकला होता, ठिपका हलेना. पण हजारभर ट्रकांत कुठला? नाशिककडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रत्येक ट्रकजवळ आम्ही ‘आवाज करा’ दाबून कान लावले. एका ड्रायव्हरने आम्हाला डिझेलचोर समजून पाना दाखवला. कोंडी सुटली, ठिपका पुढे. २००९ साली माळशेजला सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या गळ्यात कॉलर घालून सव्वाशेएक किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात आला होता. त्याच्यावर मराठी सिनेमासुद्धा आहे. त्याच्यामागे शास्त्रज्ञ होते, गाडीत बसून नकाशा बघणारे. माझ्या ड्रोनमागे मी होतो, हळद वाळून ताणलेल्या कातडीत.

अडीच तासांनी, पडघ्याच्या अलीकडे एका धाब्यावर ठिपका थांबला. ताडपत्री बांधलेला एकच ट्रक. बटण दाबलं. वरून बारीक किणकिण आली. आनंदाने मी भाच्याला मिठी मारली, त्याचा शर्टही पिवळा झाला.

ड्रायव्हर मात्र खाटेवर हातात फोन धरून पांढराफटक बसला होता. त्याच्या फोनवर आलं होतं की एक अनोळखी टॅग तुमच्याबरोबर प्रवास करतोय. कुणाच्या नकळत त्याच्यामागे टॅग लावू नये म्हणून अशी सूचना फोन देतात. हा बिचारा समजला होता की शेठने त्याच्यावर पाळत ठेवलीय, आणि आता दोन पिवळी माणसं त्याला घ्यायला आलीत.

‘साब, माल पूरा है. गिन लो.’

‘माल नहीं, ड्रोन. ऊपर गिरा है.’

तो वर चढला. ताडपत्रीच्या घड्या चाचपल्या. खाली उतरून मूठ उघडली. तळहातावर अकरा ग्रॅमची चकती. मागच्या टेपवर माझ्या अंगठ्याचा स्वच्छ पिवळा ठसा.

‘इसके लिए आये?’

मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? त्याने दोन चहा सांगितले आणि पैसेही त्यानेच दिले.

आठवा फोन आला. झाकायला आता नकाशा नव्हता, म्हणून घेतला.

‘आरं, किती येला फोन करू? तुजा पाखरू कवाच घरा आलाय. बोंबलांवर बसलाय. मांजर बसल म्हनून टोपली घातलीय वर. तू कुटं उडलास?’

रिमोटशी संपर्क तुटला की ड्रोन जिथून उडाला तिथे आपला आपण परत येतो. पुस्तिकेत पान चारवर आहे. लोहचुंबक गळून पडल्यावर त्याचं होकायंत्रही शुद्धीवर आलं होतं. मी रिमोट बंद केला तेवढी एकच गोष्ट त्या दिवशी नियमाप्रमाणे झाली.

मी आईला म्हटलं, इथेच आहे, जवळच. मागून बायकोचा आवाज आला, ‘पडघ्याला आहेत.’ पाकिटातला दुसरा टॅग तिने स्कूटरच्या डिकीत टाकला होता. मांडवातल्या पन्नास-साठ माणसांनी माझा ठिपका राजनोलीला तासभर थांबलेला बघितला होता, आणि तिथे मी काय करत असेन यावर पैजाही लागल्या होत्या.

परत पोचलो तेव्हा हळद लागून गेली होती. फोटोग्राफरने आपला ड्रोन उडवला होता आणि आकडा वाढवून घेतला होता. माझ्या ड्रोनला बोंबलाचा वास येत होता. तो आजही येतो, पंखे फिरले की जास्त.

त्याच्या मेमरी कार्डवर मात्र रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. शेवटची दोन मिनिटं मेहुण्यांनी लग्नाच्या व्हिडिओत घातली, आणि पाकीट मला न देता एडिटिंगवाल्याला दिलं. ड्रोन घराच्या बरोबर डोक्यावर येऊन थांबलाय. हळूहळू खाली उतरतोय. गच्ची मोठी होतेय, पापड, बोंबील, टोपली घेऊन बसलेल्या आत्या. आणि चौकटीच्या कडेला, फाटकातून, एक स्कूटर सुसाट अंजूरफाट्याकडे निघालीय. मागे बसलेला पोरगा हात लांब करून पुढची दिशा दाखवतोय.