दुसरी लाइन हाय न्हवं?

“दुसरी लाइन हाय न्हवं? मग ती कुणाची वाट बघतीया?”

पतसंस्थेच्या काउंटरला पासबुक घेऊन उभ्या असलेल्या आबांनी हे मलाच विचारलं, कारण इंटरनेटच्या दुसऱ्या लाइनीची जाहिरात मीच केली होती. वार्षिक सभेत शाल-श्रीफळ घेऊन, माइक जरा जास्तच जवळ ओढून मी म्हणालो होतो, “एक लाइन तुटली तरी दुसरी हजर. सभासदांना कळणारसुद्धा नाही!” टाळ्या पडल्या होत्या. काही संचालकांनीही वाजवल्या.

महामार्ग सहापदरी व्हायला लागल्यापासून मलकापूर-कराड पट्ट्यात जेसीबीचा दात आणि फायबर यांची गाठ पडायचीच. लाइन तुटते, दुसरी शाबूत असते आणि तरी कॅशियरताईंच्या पडद्यावर तीन मिनिटं भिंगरी फिरत राहते. तेवढा वेळ ताई माझ्याकडे बघतात.

बॅकअप उशिरा येतो अशी बोलवा आहे. बिचाऱ्याला वेळेवर कुणी बोलावतच नाही. राउटर आणि रस्त्यावरची फायबर यांच्यामध्ये मीडिया कन्व्हर्टर नावाची एक डबी बसवलेली असते. फायबर तिकडे मलकापुरात तुटली, तरी डबीपासून राउटरपर्यंतची हातभर केबल ठणठणीत असते. पोर्टवरचा हिरवा दिवा लुकलुकत राहतो. राउटर त्या दिव्यावर विसंबून पाकिटं पाठवत राहतो आणि ती डबीपाशी बुडतात. पलीकडचा शेजारी राउटर आहे की गेला, हे हाका मारूनच कळायचं. राउटर ज्या रीतींनी वाटा ठरवतात त्यांतल्या ओएसपीएफमध्ये बहुधा दर १० सेकंदांनी हाक जाते आणि ४० सेकंद ओ आली नाही, तर शेजारी गेला असं धरतात. बीजीपी या दुसऱ्या रीतीचा धीर याहून दांडगा. कित्येक राउटरांत तो मुळातच १८० सेकंदांचा असतो, आमच्याकडेही होता.

इथे डायक्स्ट्रांचा किस्सा सांगायची काही गरज नाही, पण मी तो लग्नाच्या पंगतीतही सांगतो. १९५६ साली हे डच गृहस्थ वाग्दत्त वधूबरोबर ॲमस्टरडॅममध्ये खरेदीला गेले होते. दमून दोघं कॉफी प्यायला टेकली आणि रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला सर्वांत जवळची वाट कोणती, हा हिशेब ह्यांनी वीसेक मिनिटांत सोडवला, तोही कागद-पेन्सिलीशिवाय. मला कौतुक आहे ते त्या बाईंचं. प्रीतिसंगमाच्या बागेत आमच्या हिच्याशेजारी बसून मी कराड-चिपळूणची जवळची वाट वीस मिनिटं मुकाट्यानं काढली असती, तर भेळ संपवून तिनं स्वतःच्या माहेरची जवळची वाट धरली असती. त्या बाईंनी १९५७ साली लग्न केलं. १९५९ साली ती रीत छापून आली आणि ओएसपीएफ आजही तिच्याच आधारानं वाटा काढतं. नवी वाट काढायला त्याला डोळ्याचं पातं लवण्याइतका वेळही पुरतो. सगळा उशीर होतो तो जुनी वाट बंद झाली हे पटायला.

हे सगळं मी आबांना सांगायला घेतलं. त्यांनी निम्म्यावर पासबुक खिशात घातलं. गावाकडची गाडी सुटली होती आणि पुढची संध्याकाळी होती. माझ्या १८० सेकंदांत त्यांची दुपार गेली. ते ओरडले नाहीत, बाकावर जाऊन बसले. मोबाइलवर पैसे पाठवणारे दहाव्या सेकंदाला फोनवर माझा उद्धार करतात, त्याचं मला काही वाटत नाही. बाकावरच्या त्या गप्प माणसाचा मात्र राग आला, आणि तो नेमका कुणावर काढायचा ते कळेना.

टायमर नुसते आवळून भागत नाही. फार आवळले, तर लाइन जरा अडखळली तरी राउटर तिला मेली म्हणतो, पुन्हा जिवंत म्हणतो आणि दिवसभर हाच खेळ चालतो. त्यासाठी बीएफडी आहे. २०१० साली प्रमाण झालेली ही पद्धत सेकंदाला अनेकदा बारीकशी हाक मारते. ३०० मिलिसेकंदांची हाक ठेवून लागोपाठ तीन चुकल्या की सेकंदाच्या आत निकाल. पण हाकेला ओ द्यायला पलीकडचा राउटर तयार हवा आणि तो लाइन देणाऱ्या कंपनीचा. कंपनीच्या फोनवर मधाळ आवाज म्हणे, “सर, आमच्याकडे लाइन अप दिसतेय.” दिसणारच! हिरवा दिवा तिकडेही असतो.

शेवटी बीएफडी चालू झालं. मी मॅनेजरसाहेबांसमोर ऐटीत फायबर उपटली. ताई नोटा मोजत राहिल्या, भिंगरी फिरली नाही, कुणी मानही वर केली नाही. सभेतलं वाक्य तंतोतंत खरं ठरलं, त्यामुळे दुसऱ्या शालीची आशाच संपली.

पुढच्या जेसीबीनं दोन्ही लाइनी एकदम तोडल्या. कंपन्या दोन, बिलं दोन आणि चर एकच. कृष्णा नि कोयना वेगवेगळ्या खोऱ्यांतून येऊन कराडात समोरासमोर भिडतात, पण उगम दोघींचा महाबळेश्वरातला. तिकडे पाऊस कोसळला की दोघी एकदमच फुगतात, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. चरात उतरलेला कंपनीचा माणूस फायबर जोडता जोडता म्हणाला, “सायेब, दोनदा कोन खणू देतंय?”

“मग तिसरी घ्या,” आबा म्हणाले.

घेतली. मोबाइलचं सिम घातलेला राउटर खिडकीत ठेवलाय. त्या टॉवरला फायबर कुठल्या चरातून जाते, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.