खेळाचा तास, गणिताचे सर

शाळेच्या वेळापत्रकात पीटीचा तास असतो तो मुख्यतः गणिताच्या सरांच्या सोयीसाठी. पोर्शन राहिला की तो उचलायचा. ‘आज पोरांची लंगडी अर्धवट राहिलीय, तेवढा बीजगणिताचा तास द्या,’ असं म्हणणारा पीटीचा शिक्षक महाराष्ट्रात अजून जन्मायचा आहे.

खेळाला कुणाचा विरोध नाही म्हणा. फी भरून खेळत असाल तर अवश्य खेळा. आमच्या इमारतीतला सातवीतला मुलगा बॅडमिंटन, बुद्धिबळ आणि स्केटिंग या तिन्ही क्लासना जातो. “अरे, मग खेळतोस कधी?” असं विचारलं तर म्हणाला, “आजोबा, रविवारी वेळ असतो, पण रविवारी फाउंडेशनची टेस्ट असते.” फाउंडेशन म्हणजे जेईई-नीटचा पाया. इमारत अकरावीत चढायची, पाया सहावीतच खणून ठेवायचा.

पालकांची धास्ती खोटी नाही. २०२४ साली नीटला तेवीस लाखांवर मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या आसपास. या हिशेबापुढे विटीदांडू कुठून टिकणार?

पण मग खेळही त्याच हिशेबात ओढला जातो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. ऊर भरून आला. शेजारच्या गृहस्थांचाही आला असावा, कारण त्यांनी लगेच चौकशी केली, “दहावीला याचे क्रीडागुण किती मिळतात हो?”

डबा ऐसपैसला क्रीडागुण नाहीत, कोच नाही, प्रमाणपत्र नाही. तरी त्यात केवढा कारभार चालायचा! राज्य कुणावर, आउट खरा की खोटा, रडीचा डाव कुणी खेळला, यावर अंधार पडेपर्यंत वाद. भांडून घरी गेलेला भिडू दुसऱ्या दिवशी हवाच, नाहीतर डाव मांडता येत नाही. म्हणून समेटही आपला आपणच. आणि कुणाचं तरी शेंबडं भावंड मागे लागलेलं असे. त्याला हाकलायचं नाही, लिंबूटिंबू म्हणून घ्यायचं. त्याच्यावर राज्य येत नाही. दुबळ्याला सांभाळून घेण्याचा हा नियम कुठल्या फेडरेशननं केलेला नव्हता, पोरांनीच केला होता. कोणत्या क्लासमध्ये हे शिकवतात, मला ठाऊक नाही. शिकवत असतील तर फी बरीच असेल.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातल्या ३१व्या कलमात खेळण्याचा हक्क लिहिलेला आहे. भारतानं तो करार १९९२ मध्ये मान्य केला. आमच्या सोसायटीनं अजून केलेला नाही. ‘आवारात खेळण्यास सक्त मनाई आहे’ ही पाटी पार्किंगजवळ ठळक आहे, आणि गाड्यांना तिथे काहीच मनाई नाही.

तुमच्याही आवारात अशी पाटी असेलच. पुढच्या वार्षिक सभेत पाण्याचं बिल आणि लिफ्टची दुरुस्ती झाली की तेवढा विषय काढा. संध्याकाळचा एक तास मागा, क्लासशिवायचा. काच फुटली तर वर्गणी काढू.