नाशवंत माल

तुमच्या कार्डाचा नंबर हाती लागला की चोर तडक एटीएम का गाठत नाही? कारण तो चोर आहे, मूर्ख नाही.

नंबर घरबसल्या चोरता येतो. पैसे काढायला मात्र तोंड घेऊन कॅमेऱ्यासमोर उभं राहावं लागतं, फोन मागवायचा तर पत्ता द्यावा लागतो. म्हणून गडी नंबर विकून मोकळा होतो; पकडलं जायची हौस गिऱ्हाइकाने भागवावी! शिवाय माल पालेभाजीसारखा. बँकेला वास लागला की गठ्ठेच्या गठ्ठे ब्लॉक. लाखभर कार्डं एकट्याने वापरणार कधी?

ऑक्टोबर 2019 मध्ये 'जोकर्स स्टॅश' नावाच्या काळ्या बाजारात तेरा लाखांवर कार्डं आली, बहुतेक भारतीय बँकांची. भाव नगाला 100 डॉलर. पुढच्याच फेब्रुवारीत आणखी साडेचार लाखांवर आली, ती 9 डॉलरला. पहिल्या मालात कार्डाच्या काळ्या पट्टीवरची माहिती होती. तिच्यावरून नकली कार्ड बनतं. दुसऱ्यात नंबर, सीव्हीव्ही, नाव, फोन सगळं होतं, पण आपल्याकडे ऑनलाइन खरेदीत ओटीपी आडवा येतो. मग बसा ओटीपी न मागणारी परदेशी दुकानं शोधत!

अशा बाजारांची सचोटी बघा. कार्ड बंद निघालं तर ठरावीक मिनिटांत तक्रार करा, पैसे परत. आमच्या पेठेत बिल दाखवूनही माल परत घेत नाहीत. 'बायडेनकॅश' नावाच्या अशाच एका बाजाराने तर 2022 मध्ये जाहिरात म्हणून बारा लाख कार्डं फुकट वाटली. फुकट ते पौष्टिक, हे त्यांनाही ठाऊक.

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे 94 कोटी गेले. तो मामला नंबर विकण्याचा नव्हता, पण कामाची वाटणी हीच. सर्व्हरमध्ये घुसणारे वेगळे आणि 28 देशांत नकली कार्डं घेऊन एटीएमपुढे उभे राहणारे वेगळे. 2023 मध्ये पुण्याच्या कोर्टाने अकरा जणांना दोषी ठरवलं. ते इथले, नकली कार्डांनी पैसे काढण्याच्या कामातले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचा माग काढताना संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं. आता तिथे समन्स बजावायला शिवाजीनगरहून कुठला हवालदार जाणार, आणि त्याचा भत्ता मंजूर कोण करणार?