खुळ्या पालकांच्या बाजूने

मुलाला शिकवणी लावताना शहाणे पालक काय करतात हे सर्वांना ठाऊक आहे. चौकातला फ्लेक्स वाचतात, नव्वद टक्क्यांच्या वर किती जण गेले ते मोजतात, डेमो लेक्चरला बसतात, वर्षाची फी एकरकमी भरली तर सूट किती ते विचारतात आणि सहावीतच फाउंडेशन बॅचला नाव घालून मोकळे होतात. मला आज स्तुती करायची आहे ती दुसऱ्या पालकांची. सोसायटीत आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांना खुळे समजतात.

खुळ्यांचे पहिले खूळ असे, की ते फ्लेक्स वाचतच नाहीत. दहावीला ६०० गुणांची परीक्षा होते आणि उत्तम पाच विषयांचे ५०० धरून टक्के काढतात. त्यात खेळाचे किंवा चित्रकलेचे सवलतीचे गुण मिळतात. म्हणून शंभर टक्के गुणांची मुलेही दर वर्षी दिसतात. ती मुले कष्टाळू असतातच, पण त्या आकड्यावरून आपल्या मुलीला बीजगणित का अडते हे कळत नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंगबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये आणि गुणांची किंवा रँकची हमी देऊ नये, असे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. वर्षाच्या मध्यात मूल निघाले तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, हेही आहे. खुळ्यांनी हे वाचलेले असते, म्हणून ‘हमखास यश’ दिसले की ते रस्ता ओलांडतात.

आणि ते शोधतात कोणाला? जवळपास राहणारे, एका वेळी एकदोनच मुले घेणारे कोणीतरी. यामागे भाबडेपणा आहे असे वाटत असेल तर बेंजामिन ब्लूम या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९८४ मध्ये काय मांडले ते पाहा. एकट्याने शिक्षकाजवळ शिकणारा सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेला, असे त्याच्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगांत दिसले. पुढच्या संशोधकांना एवढा मोठा फरक सापडला नाही, पण फायदा त्यांनाही दिसला. चूक झाली की तिथल्या तिथे सापडते आणि ती सुधारल्याशिवाय पुढे जायचे नसते, हे त्याचे कारण. दीडशे मुलांच्या बॅचमध्ये ते कसे जमावे?

आमच्या शेजारच्या मुलीला अशाच एका निवृत्त बाईंकडे घातले. पहिल्या दिवशी बाईंनी पुस्तक उघडलेच नाही, तिची शाळेची वही मागितली. एका पानावर लिहिले होते : १/२ + १/३ = २/५. शाळेत त्यावर लाल फुली पडली होती आणि खाली बरोबर उत्तर उतरवलेले होते. बाईंनी विचारले, “हे कसं काढलंस गं?”

“वरच्यात वरचा मिळवला, खालच्यात खालचा.”

“बरं. मग २/५ हे अर्ध्यापेक्षा मोठे की लहान?”

मुलीने कागदाची पट्टी दुमडली, पाच भाग आखले, दोन रंगवले. मग पट्टीकडे बघत राहिली. “लहान,” ती म्हणाली, आणि जरा वेळाने, “पण आपण तर अर्ध्यात आणखी घातलं होतं!” बाई गप्प बसून होत्या. त्या तासात एकच गणित झाले. फी देणाऱ्याला तो तास फुकट गेला असे वाटणे साहजिक आहे, पण त्या आईला तसे वाटले नाही. मला ती आई फार मोठी वाटते.

खुळ्यांची बाकीची खुळे थोडक्यात सांगतो. ते फी महिन्याच्या महिन्याला देतात, म्हणजे नाही जमले तर मूल सुटते. ते मुलाला विचारतात, “तुला तिथे शंका विचारायला भीती वाटते का?” शाळेतल्याच बाईंकडे शिकवणी लावून अंतर्गत गुणांची सोय ते करत नाहीत, कारण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकांना खाजगी शिकवणीची मनाई केली आहे आणि हे लोक कायदा पाळतात. सगळ्यांत मोठे खूळ म्हणजे, ठरवतानाच ते शिक्षकांना विचारतात, “ही शिकवणी कधी बंद करता येईल?” चांगला शिक्षक या प्रश्नाने दुखावत नाही. तो म्हणतो, “अपूर्णांक आणि समीकरणे पक्की झाली की तिला माझी गरज नाही.” स्वतःचे उत्पन्न थांबवणारे हे उत्तर देणारा माणूस भेटला, तर त्याला सोडू नका.

‘असर’ या ग्रामीण पाहणीनुसार पैसे देऊन शिकवणी घेणाऱ्या मुलांचे देशातले प्रमाण २०१८ मध्ये २६.४ टक्के होते, ते २०२२ मध्ये ३०.५ टक्के झाले. एवढी मुले शाळा सुटल्यावर पुन्हा कुठेतरी बसतात. त्यांची संध्याकाळ ज्या माणसाच्या हाती द्यायची, तो नीट पारखून घ्यायला हवा. तेव्हा यंदा शिकवणी बघायला जाल तेव्हा फी विचारण्याआधी मुलाची वही पुढे ठेवा आणि शिक्षक चुकलेल्या गणितापाशी थांबतात की पान उलटतात, एवढे बघा. थांबले तर मूल त्यांच्याकडे घाला.