टोचून घ्या, हजेरी मिळेल

हडपसरला बनलेली लस जगभर जाते, फक्त डेक्कनपर्यंत पोहोचत नाही. 2009 मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यातच घेतला. नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, शाळा-कॉलेजं बंद पडली आणि पुढच्याच वर्षी हडपसरच्याच ‘सीरम’ने नाकात फवारायची लस काढली. हा वारसा आठवून आमच्याकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजाने विद्यार्थ्यांसाठी फ्लूचं लसीकरण शिबिर घ्यायचं ठरवलं.

आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात, आणि टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. म्हणून प्रस्ताव मार्चमध्येच गेला. मग समिती, उपसमिती, तीन कोटेशनं आणि बॅनरवर कोणाचा फोटो केवढा, यावर स्वतंत्र बैठक. मुहूर्त निघाला गणपतीनंतरचा! तोवर अर्ध्या होस्टेलने एका बाटलीतलं पाणी पिऊन फ्लूचा हंगाम सामूहिकरीत्या साजरा केला होता.

उद्घाटन दहाला होतं. पाहुणे साडेबाराला आले. लस 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते, त्यामुळे नर्सबाई सारख्या बर्फाच्या डब्यात डोकावत होत्या आणि सूत्रसंचालक माइकवर चारोळ्या सोडत होता. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन. ‘पहिली लस साहेबांनी घ्यावी,’ असं कोणीतरी म्हणताच साहेबांना पुढचा कार्यक्रम आठवला.

आता तरुणाई. हीच पोरं रक्तदान शिबिरात बिस्किटपुडा नि प्रमाणपत्रासाठी 350 मिलिलिटर रक्त हसत देतात. लशीचा डोस अर्धा मिलिलिटर. तर म्हणे, ‘मॅडम, सुईची भीती वाटते.’ एकाची पक्की खात्री, की लस घेतली की फ्लू होतोच. ‘अरे, या इंजेक्शनातला विषाणू मेलेला असतो,’ डॉक्टरांनी समजावलं. पण त्याच्या मावसभावाला झाला होता, आणि मावसभावापुढे वैद्यकशास्त्राचं काही चालत नाही. दुसऱ्याने थेट गॅरंटी मागितली. लस आणि त्या वर्षीचा विषाणू यांचं नीट जुळलं, तर आजाराचा धोका साधारण 40 ते 60 टक्क्यांनी घटतो. ‘फक्त चाळीस?’ त्याने नाक मुरडलं. याचा गणिताचा पेपर, एम-थ्री, पासापुरत्या चाळिशीच्या अलीकडेच अडकल्यामुळे अजून बॅकला आहे.

ही लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप पालटत राहतो. लशीत कोणकोणते विषाणू असावेत, हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात सुचवते. हे ऐकून अभ्यास मंडळावरचे एक ज्येष्ठ प्राध्यापक अस्वस्थ झाले. वर्षातून दोनदा बदल? सरांच्या नोट्स 1998 च्या आहेत, आणि त्यांना आजवर कोणताही विषाणू बाधलेला नाही.

दुपारी दोनपर्यंत अकरा जणांनी दंड पुढे केला होता, त्यात सात शिपाईमामा नि लायब्ररीचे कर्मचारी. शेवटी प्राचार्यांनी ब्रह्मास्त्र काढलं: टोचून घेईल त्याला दोन दिवसांची हजेरी. दहा मिनिटांत रांग कँटीनला जाऊन भिडली. मावसभाववाला सगळ्यांत पुढे होता. मधूनच शेजारच्या कॉमर्स कॉलेजचे दोघे पकडले गेले, त्यांना आपलीच हजेरी इथे जमा होईल असं वाटलं होतं.

चारला लस संपली. रांगेत उरलेल्यांनी प्राचार्यांच्या केबिनसमोर ठिय्या मांडला आहे. मागणी एकच: लस राहू द्या, हजेरी द्या.