आमचाही समुद्र

वाशिमला समुद्र नाही, तेव्हा किनारा खचायला आमचा हातभार कसला, असं कुणाला वाटेल. पण २०१८ पासून आम्ही सरकारी यादीत ‘आकांक्षित जिल्हा’ आहोत. आकांक्षा धरायची तर मोठी धरावी.

हिशेब सोपा आहे. आमची पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी जाते आंध्रात, बंगालच्या उपसागरात. समुद्र रोज किनारा खातो आणि नदी गाळ-रेती आणून त्याची भरपाई करते, असा त्या दोघांचा जुना व्यवहार. आता वाटेत इसापूर धरण गाळ अडवतं, पुढे गोदावरीवर बंधारे आहेतच. त्यातून जी रेती वाचते तिच्यासाठी रात्री दोन वाजता बिनदिव्याचं ट्रॅक्टर नदीत उतरतं. सकाळी डांबरी रस्त्यावर ट्रॉलीतून गळलेल्या पाण्याची ओली रेघ घाटापासून थेट नव्या स्लॅबपर्यंत गेलेली असते. ती शाळकरी पोरालाही दिसते. ज्यांनी बघायची ते येईपर्यंत ऊन पडतं आणि रेघ वाळते.

एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. तेवढा किनारा आम्ही इथे दुमजली करून ठेवतो.

तिकडे काकीनाड्याजवळच्या उप्पाड्यात समुद्र घरं, रस्ता गिळत आलाय. दोष अर्थातच लाटांचा. इकडे पुरात काठचं सोयाबीन मातीसकट खरडून गेलं की दोष पावसाचा. पंचनाम्यात ट्रॅक्टरसाठी रकाना नसतो.